दिव्याखालची भूक

दिवा मीच बंद केला होता. आणि मुलीने फोनवर विचारलं तेव्हा "लावतो न" असं खोटंही मीच बोललो.

ती शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा बिअर्डेड ड्रॅगन माझ्या हवाली करून गेली. हातभर लांबीचा, हनुवटीखाली काटेरी दाढी असलेला हा पाळीव सरडा. नाचणगावच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत त्याची काचेची पेटी असते. पेटीत एका बाजूला सपाट दगड आणि दगडाच्या वर उष्णता देणारा दिवा. जाताना तिने बजावलं होतं, "बाबा, दिवा रोज दिवसभर पाहिजे. अंग तापलं तरच त्याले पचते. थंड पडला का खाणं सोडते तो."

मी पुलगावात कूलर विकतो, दुरुस्तही करतो. आयुष्यभर लोकांना गारवा विकत आलो. मे महिन्यात आमच्याकडे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. अशा दिवसांत एका मुक्या जिवाच्या डोक्यावर आणखी दिवा लावायचा, हे माझ्या बुद्धीला पटेना. मी दिवा बंद केला, पेटी सरकवून कूलरच्या तोंडाशी आणली आणि कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या.

"माह्यासाठी तं कधी नव्या ताट्या आणल्या नाई तुम्ही," बायको म्हणाली. "सरड्याचे लाड पाहा!"

मी हसलो. खरंच मायेने केलं होतं ते.

हळूहळू त्याने खाणं सोडलं. रातकिडा नाकासमोरून गेला तरी तो बघायचा नाही. शेजारच्या अंगणातलं जास्वंदीचं फूल तो एरवी धावत येऊन खायचा. आता ते त्याच्यापुढेच सुकून जायचं. रंग काळपट पडला. दिवसाही डोळे मिटलेले. मुलगी फोनवर एकेक विचारू लागली. कात टाकून राह्यला काय? शी करते का? तोंडात पिवळं काही दिसते का? शेवटी म्हणाली, "दिवा लावता ना?"

"लावतो न."

"मंग काऊन खात नाई तो?"

"तुही आठवण काढून राह्यला, दुसरं काय!"

आठवण मी काढत होतो. ती गेल्यापासून माझंच जेवणात लक्ष नव्हतं. हे सांगायला बापाची जीभ वळत नाही, म्हणून सरड्याच्या नावावर खपवलं.

तिच्या वर्गाचा अभ्यासदौरा निघणार होता. तो सोडून ती घरी यायला निघाली. मी घाबरलो. ती पोचण्याआधीच पेटी जागेवर नेली, दिवा लावला. बऱ्याच वेळाने तो सरपटत दगडावर चढला आणि अंग भाकरीसारखं चपटं करून दिव्याखाली पसरला. डोळे उघडले. मी पेटीसमोर फरशीवर बसून राहिलो. आपल्या अंगात ऊब आतूनच तयार होते, आपण तिचा विचारही करत नाही. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते, आणि मी ती तोडून वर थंड वारा सोडला होता.

मुलगी आली तोवर त्याचा रंग परत उजळला होता. पिशवी खांद्यावरून न उतरवताच तिने चिमट्यात रातकिडा धरून त्याच्यापुढे नेला. त्याने जीभ काढून तो गट्ट केला.

"पाहा लबाड!" बायको म्हणाली. "तुले पाहून जेवला. आम्ही काय दुश्मन होतो का याचे?"

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.

संध्याकाळी ती त्याला छातीशी धरून ओट्यावर माझ्याजवळ बसली. "बाबा, मी आता परत जात नाई. वर्ध्यालेच ॲडमिशन घेते. माह्यामुळं उपाशी राह्यला बिचारा."

ऐकून मला आधी आनंदच झाला, हेही लिहून टाकतो. ती घरी राहणार होती. मग तिच्या तोंडचं ते "माह्यामुळं" टोचायला लागलं.

"तुह्यामुळं नाई," मी म्हणालो. "दिवा मी बंद केलता. कूलर लावलता त्याच्यावर. तू येऊन राह्यली म्हणून घाईघाईत दिवा लावला. गरम झाला म्हणून जेवला तो."

"अन् फोनवर?"

"खोटं बोललो."

"मेला असता तो, बाबा!" ती ओरडली. आतून बायको दारात येऊन उभी राहिली.

दुकानात गिऱ्हाईक कूलर परत घेऊन आलं की मी आधी त्याच्या घरच्या विजेला दोष देतो. तसं एक कारण तेव्हाही ओठांवर आलं होतं, उन्हाचं. ते गिळलं.

"चुकलं माहं, बेटा," मी म्हणालो. "त्याचंही केलं वाईट, तुहंही. आठवण त्याले नाई, मले येत होती. माफ कर मले. अन् शिकायले परत जाजो."