साबणाचा डोंगर

गल्लीत नवीन राहायला येणाऱ्याला शेजारी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवत. एक, पाणी सकाळी सहाला येतं. दुसरी, साबणवाल्या काकांना ‘साबण’ हा शब्द कुठून आला ते चुकूनही विचारायचं नाही. विचारलं की पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

घरामागच्या दोन खोल्या म्हणजे काकांचा कारखाना. पहिलीत तेलाचे डबे, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं पिंप आणि लाकडी साचे; दुसरीत भिंतभर फळ्या आणि त्यांवर मुरत ठेवलेल्या वड्या. सहा आठवडे मुरल्याशिवाय वडी कुणाला मिळत नसे, मग गिऱ्हाईक कितीही घरोब्याचं असो. त्यानंतरही प्रत्येक घाण्यातली एक वडी उचलून काका तिला जिभेचं टोक हळूच लावत. जीभ चुणचुणली, तर कॉस्टिक अजून जागं आहे. अख्खा घाणा परत फळीवर. ही रीत त्यांच्या वडिलांची. “जीभ लावल्याशिवाय माल बाहेर नाही,” असं ते म्हणत. पुढे पुढे घरात कशाचीही खात्री करायची झाली, की ‘जीभ लावली का?’ असंच विचारलं जाऊ लागलं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी पाकिटावरच्या पत्त्याबद्दल त्यांना हेच विचारलं होतं, आणि त्यांनी निमूटपणे तिकीट चाटलं होतं.

डोंगराची गोष्टही वडिलांकडूनच आलेली. फार पूर्वी रोमजवळ सापो नावाचा डोंगर होता. तिथे देवाला जनावरं अर्पण करत. चरबी आणि राख पावसाबरोबर खाली नदीत यायची, आणि तिथे धुतलेले कपडे लख्ख निघायचे. म्हणून सापोचा झाला साबण. काका हे हातवाऱ्यांसकट सांगत, मधे उकिडवे बसून कपडे आपटूनही दाखवत. भिंतीवर त्यांनी खडूने जगभरचे साबण लिहून ठेवले होते: साबून, सबाँव, सावों, सापोने, सबुनी. कुणी परमुलखातून आलं, की चहाच्या आधी तिकडचा शब्द विचारून घेत.

वडिलांनी कारखाना काढला त्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा काकांनी नवं वेष्टण छापायला घेतलं आणि त्यावर डोंगराची गोष्ट घातली. त्यांची लेक शब्दकोशाच्या कचेरीत होती. नजर टाक, म्हणून प्रूफ तिच्याकडे पाठवलं. परत आलं तेव्हा डोंगरावर आडवी रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते: ‘आधार नाही’.

काकांचं तोंड उतरलं. दोन दिवस ते घरात ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलले. ओळी गेल्या याचं त्यांना काही नव्हतं. वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या माघारी त्यांना कुणी खोटं ठरवावं, तेही त्यांच्याच नातीने, हे काकांना सोसत नव्हतं. शेवटी काकू म्हणाल्या, “अहो, डोंगर काय आपल्या नावावर होता? इथे कुढत बसण्यापेक्षा जाऊन विचारा तिला.”

तिसऱ्या दिवशी काका कचेरीत जाऊन थडकले. छताला भिडलेली कपाटं, कपाटांत लांबट खण, खणांत दाटीवाटीने कार्डं. लेकीने जेवणाचा डबा बाजूला सारून ‘साबण’ची कार्डं काढली. डोंगर कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडत नाही, ती सांगू लागली. शब्द बहुधा उत्तरेकडच्या टोळ्यांचा. रोमन लोकांनी तो उचलला. एका जुन्या रोमन लेखकाने तर लिहून ठेवलंय, की ते लोक हा सापो केस तांबडे करायला लावत. हे ऐकताच काकांचा हात दर पंधरवड्याला कलप लागणाऱ्या स्वतःच्या मिशीकडे गेला. पुढे तो शब्द अरबांकडे गेला, पोर्तुगीजांकडे राहिला, जहाजांतून जपानपर्यंत पोचला. तिथे आज तो मुख्यतः साबणाच्या बुडबुड्यांच्या नावात उरलाय.

“आणि मराठीत?”

“दोन दारं दिसतात. फारसी-अरबी किंवा पोर्तुगीज. नक्की कुठलं, यावर एकमत नाही.”

“मग तुम्ही छापणार काय?”

“एकमत नाही, हेच.”

एवढी शिकलेली माणसं, आणि माहीत नाही म्हणून छापून सांगणार. काकांचा पारा चढला. “आणि तुझे आजोबा काय आयुष्यभर थापा मारत होते?”

लेकीने दुसऱ्या कपाटातला ‘ज’चा खण ओढला आणि एक कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. ‘जीभ लावणे: साबणाची वडी मुरली की नाही हे जिभेच्या टोकाने पाहणे, त्यावरून, खात्री करून घेणे.’ खाली उदाहरण होतं, वडिलांचंच वाक्य. त्याखाली सांगणाऱ्याच्या नावाची जागा. तिथे वडिलांचं पूर्ण नाव, आणि पुढे ‘साबण करणारे’.

“हे चार कारखान्यांत विचारून घेतलंय,” ती म्हणाली. “डोंगराच्या कार्डावरही त्यांचं नाव घालायचं होतं मला, बाबा. सहा महिने आधार शोधला. पण त्यांनीच शिकवलंय ना, कच्चा माल बाहेर द्यायचा नाही.”

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला, आणि डोळेही. तिच्याच टेबलावर बसून त्यांनी वेष्टणाचा मजकूर नव्याने लिहिला: ‘साबण हा शब्द कुठल्या वाटेने आला, यावर एकमत नाही. वडी मात्र सहा आठवडे मुरलेली आहे. जीभ लावून पाहिली आहे.’

आता पाऊण तास वाचणार, म्हणून गल्ली खूश झाली. पण टोळ्या, तांबडे केस, दोन दारं आणि बुडबुडे, सगळं सांगायचं म्हणजे आता सव्वा तास लागतो. डोंगरही काका गाळत नाहीत. अजून उकिडवे बसून कपडे आपटून दाखवतात. फक्त तो भाग संपला, की जरा थांबतात आणि म्हणतात, “याला आधार नाही बरं का. पण माझे वडील सांगायचे फार छान.”