पोरगा मोबाईलच्या लाईनीत आहे

आमची रील असते तीस सेकंदांची. ती करताना जे होतं ते मात्र महिनाभर पुरतं! चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, तो टाकीचा किस्सा सांग ना." मग टाकीतून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा थंड.

आम्ही तिघं. सचिन आणि रूपाली नवरा-बायकोच्या भांडणाच्या रील करतात, अस्सल वऱ्हाडीत. मी कॅमेऱ्यामागे. आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचो. भांडणं लागायच्या आत माझं काम संपायचं. आता तिथूनच सुरू होतं! मानेवाड्याला एक खोली भाड्याने घेतलीय. आम्ही तिला ऑफिस म्हणतो, घरमालक गोडाऊन म्हणतात.

*

सचिनसाठी मुलगी पाहायला पारशिवनीला गेलो होतो. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

कंपनीतली पक्की नोकरी सोडून पोरगा रीलसाठी लुगडं नेसूनही नाचतो, हे सचिनचे बाबा कसं सांगणार? ते म्हणाले, "मोबाईलच्या लाईनीत आहे."

"बरं झालं बाप्पा!" म्हणत ते आत गेले आणि काच फुटलेला फोन घेऊन आले. "हे पाहून द्या जरा."

सचिनने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. सचिनने मुकाट्याने फोन खिशात घातला, सीताबर्डीवर स्वतःच्या पैशाने काच बसवली आणि चार दिवसांनी नेऊन दिला.

त्याच संध्याकाळी मुलीचा, प्रियंकाचा, सचिनला फोन आला. "मी तुमच्या सगळ्या रील पाहते. मले पसंत आहे. पण बाबाइले सांगू नका इतक्यात."

"काहून?"

"घरात अजून दोन फोन बिघडले आहेत!"

*

टाकीचा म्हणाल तर तो असा. कळमेश्वरकडे पाण्याच्या टाक्या बनवणारे एक शेठ होते. म्हणाले, "व्हिडिओ जबरदस्त पाहिजे. पैशाचं टेन्शन घेऊ नका."

आम्ही घेतलं नाही. त्यांनीही घेतलं नाही!

दोन दिवस उन्हात शूटिंग. बायकोशी भांडून सचिन टाकीत जाऊन बसतो, अशी गोष्ट. टाकीतून बाहेर काढला तेव्हा तो भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता. रील तुफान चालली. आठ दिवसांनी दारात टेम्पो उभा राहिला. आत हजार-हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या.

"हे काय?" मी विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "पेमेंट."

आवाज ऐकून घरमालक खाली आले. टाक्यांभोवती एक चक्कर मारली. "खोली सोडून याच्यातच राहाले जाऊन राहिले का गा?"

एक टाकी त्यांच्या गच्चीवर चढवली, त्यांनी त्या महिन्याचं भाडं सोडलं. दुसरी रूपालीच्या सासरी गेली. तिसरीत आमचे विग, साड्या आणि खोट्या मिशा असतात.

*

रूपालीचा खरा नवरा महेश. सरकारी ऑफिसात क्लार्क. इतका शांत माणूस, की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी थँक्यू म्हणतो.

दोघं कळमन्याला संत्र्याची पेटी घ्यायला गेले. विकणारी म्हातारी रूपालीकडे बघतच राहिली. मग महेशकडे. मग पुन्हा रूपालीकडे.

"काहून वं, सचिनले सोडलं का?"

रूपाली हसायला लागली. आजूबाजूचे गोळा झाले. महेशने सगळी हिंमत गोळा केली. "आजी, मी खरा नवरा आहो हिचा."

"सगळे असंच म्हणतेत!" म्हातारी म्हणाली. मग रूपालीला जवळ ओढून हळूच म्हणाली, "तो भांडे, पण त्याच्या तोंडात बोली तरी होती वं. हा तं मुकाच दिसते."

त्या रात्री महेश घरी कारण नसताना भांडला म्हणे. रूपाली सांगत होती, "चांगला भांडला हो भाऊ, पण मधातच सॉरी म्हणाला."

*

सगळेच दिवस असे नव्हते. एका उन्हाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, आमच्या रील कोणी बघेचना. जाहिराती बंद. सचिन-प्रियंकाचं लग्न झालेलं, तिला सातवा महिना लागलेला. सचिनने गुपचूप शर्ट इस्त्री केला आणि एका कारखान्यात मुलाखतीला गेला. मी बाहेर गाडीवर बसून होतो.

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. मागे साहेब, साहेबामागे अख्खं ऑफिस. सगळ्यांनी सेल्फी काढले.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब म्हणते, तुम्हाले ठेवलं तं लोक मशीन सोडून तुम्हालेच पाहतीन."

गाडीवर तो मान खाली घालून इस्त्रीच्या बाह्या दुमडत राहिला. सिग्नलला एका पोराने ओळखून हात केला, तेव्हा मात्र छान हसला. दोन महिन्यांनी गाडी पुन्हा रुळावर आली. पण तो इस्त्रीचा शर्ट त्याने परत कधी घातला नाही.

*

आता शेवटचा.

एका दुपारी ऑफिसच्या दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, हातात हेल्मेट. फोनवर आमची जुनी रील लावलेली, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातली. सचिन भाजीच्या पिशव्या घेऊन नाचतो, ती. त्याने एका जागी रील थांबवली आणि कोपऱ्यात बोट ठेवलं.

"हे माही माय आहे."

मागे, मेथीची जुडी हातात धरून, एक बाई उभी होती. दोन सेकंद दिसत होती.

"दिवाळीत गेली," तो म्हणाला. "फोटो आहेत, पण सगळे बसलेले. हालतानी एकच हे आहे. याच्यापेक्षा जास्त असन का तुमच्यापाशी?"

मी जुनी हार्डडिस्क काढली. त्या दिवसाचं न कापलेलं शूटिंग सापडलं. बाई चांगली दीड मिनिट होती! हातातली जुडी विसरून, तोंडावर पदर धरून खदखदा हसत होती. फक्त सचिन सारखा तिच्यासमोरून नाचत जात होता.

तो माणूस खुर्चीच्या टोकाला बसून बघत होता. मग संकोचून सचिनला म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. तुम्ही मधात येऊन राहिले. तुम्हाले बाजूले करता येते का?"

"येते ना!" सचिन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काढ मले."

तासभर लागला. फ्रेम जवळ घेतली, जिथे जिथे सचिन आडवा येत होता ते तुकडे कापले. आता पडद्यावर फक्त ती बाई. हसतेय.

त्याने एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. डोळे पुसले, हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं.

"नाही भाऊ," तो मला म्हणाला. "त्याइले राहू द्या. नाही तं माय कोणावर हासून राहिली, समजत नाही."