आडाजवळचा नळ

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. बायकोपुढे नाही, लिंगपूजेला बसल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर आधी दार लावून घेतलंय — वाऱ्यानं म्हणा. छे, वाऱ्यानं कुठलं? भीतीनं. ती अजून गेलेली नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आळंदला मी गवंडीकाम करायचो, आणि सांडपाण्याचे तुंबलेले नळ साफ करणारा गावात मी एकटाच होतो. आमच्याकडचं पाणी जड. तांब्यात चार दिवस ठेवलं की बुडाला पांढरं धरतं. मग ज्या नळातून ते वीस वर्षं वाहिलं, त्याचं काय होत असेल? बाहेरून बघावं तर खापराच्या नळात अख्खा पंजा जाईल, आणि आत करंगळी शिरत नाही. खाराचा नुसता दगड. त्यावर उसाचा आंबट सिरका ऊन ऊन ओतायचा, दोन दिवस मुरू द्यायचा, थर भुसभुशीत झाला की लांब सळईनं हळूहळू खरवडायचा. घाई केली की खापर गेलंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला तहसीलीतले पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे बडे कारकून, राहायचे. त्यांच्या न्हाणीचं आणि संडासाचं पाणी एकाच नळातून, जमिनीखालून, गल्लीच्या आडाला अगदी खेटून नाल्याकडे जायचं. तो नळ तुंबला. त्यांनी मला बोलावलं.

"उद्या पाव्हणे यायलेत. आज सांजच्या आत नळ मोकळा पायजे. आन् फुटला तर तुला चावडीत बसवीन, ध्यानात ठेव."

दोन दिवस लागतील, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं का? "व्हय जी" म्हणालो आणि कामाला लागलो. आडापाशी फरशी उचलून नळाचं तोंड उघडलं, सळईच्या टोकाला छिन्नी बांधली आणि वरून हातोडा घातला. तिसऱ्या घावाला आतून आवाज आला — फट्ट.

पाणी मात्र धो धो वाहू लागलं. पेशकार खूश. मी फरशी बसवली, वर माती ओढली आणि घरी गेलो.

नुसती चीर असेल — असं म्हणत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी पाणी नीट जातंय का बघतो म्हणून पेशकारांच्या न्हाणीत शिरलो, कपड्याची नीळ पाण्यात कालवून नळात ओतली, आणि येऊन आडात वाकलो. बराच वेळ काही नाही. मग आतल्या दगडांवरून एक निळी रेघ खाली उतरताना दिसली. बारीक. दोऱ्याएवढी.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "आजपासून पाणी देवळाच्या आडाचं आणायचं."

"कामून? एवढ्या लांबून?"

"ह्या आडाचं मला बाधायलंय."

बघा — चुकून झालं, कळलं नाही, असं म्हणायची सोय मी तिथंच घालवली. मला कळलं होतं. माझं घर मी सांभाळलं.

शेजारची गंगाक्का रोज माझ्या बायकोबरोबर आडावर जायची. एकटी बाई, दोन लेकी पदरात. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण तिनंच केलेलं. दुसऱ्या दिवशी ती रिकामी घागर कमरेवर घेऊन दारात उभी राहिली.

"अण्णा, आडाच्या पाण्याला काही झालंय का हो? आणू का नको?"

ती थांबली असती, तर सगळी गल्ली थांबली असती. मग कुणीतरी विचारलं असतं, का? मग कुणीतरी ती फरशी उचलली असती. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं — किती वेळात? डोळ्याची पापणी लवते तेवढ्या.

"आणा की," मी म्हणालो. "पाण्याला काय झालंय?"

ती गेली, पाणी घेऊन आली. सहा दिवसांत गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आठव्या दिवशी गंगाक्का गेली. तिच्या मातीला मी खांदा दिला.

लोकांना कारण हवं होतं. आडावर गफूरचाचा नावाचा म्हातारा भिश्ती घरोघर पाणी घालायला चामड्याची पखाल भरायचा. त्याचीच पखाल घाण, असं कुणीतरी म्हणालं. मठापुढं गल्लीतले चौघं निवाड्याला बसले. एकानं मला विचारलं, "तुमी आडाशेजारीच काम केलंव. पखालीला वास येतो का?"

मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

"व्हय," मी म्हणालो. "येतो."

त्याला आडावर बंदी झाली. दोन दिवसांनी मी पेशकारांना सांगितलं, थोडा खार राहिलाय, पुन्हा खरवडतो. आणि त्या निमित्तानं फुटलेला तुकडा गुपचूप बदलला. गल्लीनं आड उपसला. आजार थांबले. लोक म्हणाले, बघा, भिश्ती हटला आणि पाणी सुधारलं. माझं खोटं असं खरं ठरलं.

गफूरचाचानं अफजलपूरकडं जायचं ठरवलं. तिकडं त्याचा जावई होता. निघायच्या सकाळी तो माझ्या दारात आला. रिकामी पखाल खांद्यावर. मला वाटलं — याला कळलं, आता हा ओरडणार.

तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "शिवप्पा, तू खोटं बोलणारा माणूस न्हाईस. म्हणून इचारायलो. खरंच येत होता वास?"

"व्हय, चाचा."

त्यानं पखाल खांद्यावरून काढली, तिचं तोंड नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. कितीतरी वेळ.

"आसंल," तो म्हणाला. "आता मलाबी यायलाय."

आणि रस्त्याला लागला. मी दारातच उभा होतो. हाक मारली नाही.