अत्तराचा भाव

मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की मला खटकचिंचोळीच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. तेव्हा मी भाजी विकत असे, आणि घरच्या कर्त्या बाईला सरकार दरमहा देतं ते पैसे पहिल्यांदाच माझ्या खात्यात आले होते. अंगाला कायम मेथीचा आणि ओल्या पोत्याचा वास यायचा, म्हणून मला अत्तराची एक कुपी हवी होती. दुकानदारानं कापसाचा बोळा माझ्या मनगटावर फिरवला. मी भाव पाडून मागितला तसा तो म्हणाला, "फुकटच्या पैशात घासाघीस कामून करायलीस, अक्का? सरकारनं लेकरांच्या दुधाला दिलंय, अत्तराला न्हाई." मागे उभ्या बायका हसल्या. मी म्हणाले, "तुमच्या गल्ल्यात पडस्तोवर पैसा माझा हाय, अण्णा. भाव बोला." त्यानं कुपी उचलून कपाटात ठेवून दिली. माझं मनगट तेवढं संध्याकाळपर्यंत दरवळत होतं. आता माझं बांगड्यांचं दुकान आहे. त्याची बायको तेच सरकारी पैसे घेऊन येते, अंगाला मोगरा लावून. ते कशासाठी मिळालेत, हे मी तिला विचारत नाही. पण भावात एक रुपयाही सोडत नाही.