दोनशे चार फूट

ऑर्व्हिल स्टेन्सरूडने आमच्या कॉलेजच्या मैदानांवर एकतीस वर्षं पांढऱ्या रेघा मारल्या. मी त्याच्या हाताखाली गवत कापायचो. आयोवातलं नऊशे पोरांचं कॉलेज, तिन्ही बाजूंना मका. अशा आठ कॉलेजांची मिळून आमची खेळांची संघटना, म्हणजे कॉन्फरन्स. रानातून धावायची तिची मोठी शर्यत दर साली एकेका कॉलेजात व्हायची, म्हणजे आमच्याकडे आठ वर्षांनी एकदा. वाट पूर्ण सहा हजार मीटर आहे, या कागदावर कोणत्याही शर्यतीच्या आदल्या दिवशी मैदानवाल्याची सही लागे.

ऑर्व्हिल दर मे महिन्यात वाट पोलादी टेपने मोजायचा. टेप शंभर फुटी, म्हणजे ती जवळजवळ दोनशे वेळा ताणायची. दोन माणसं, दोन दिवस. चाकाचं यंत्र त्याला चालत नसे. "चाक उड्या मारतं. टेप उड्या मारत नाही." मग प्रत्येक वळणावर तो खुंटी ठोकायचा. ऑक्टोबरात रेघ त्या खुंट्यांवरून पडे.

मी सांगतो त्या वर्षी पाळी आमची होती, आणि मोठी शर्यत ब्रिन होल्टकँपने जिंकली. डुकरं पाळणाऱ्याची लेक, शेवटच्या वर्षाला. बावीस मिनिटं वीस सेकंद. वाटेवरचा जुना विक्रम अकरा सेकंदांनी मोडला.

जिममधल्या फळीवर विक्रमवीरांची नावं ऑर्व्हिलच रंगवायचा. सोमवारी त्याने शिडी लावली, जुनं नाव खरवडायला पत्रा उचलला आणि थांबला.

"दोन आठवड्यांपूर्वी हीच पोर बावीस सदतीस धावली होती," तो म्हणाला.

"मग? तालमीचं फळ आलं."

"सतरा सेकंदांचं? टेप काढ."

आम्ही दोन दिवस मोजलं. वाट दोनशे चार फूट कमी भरली.

प्रत्येक वळणाची खुंटी आत सरकलेली होती. कारण मला ठाऊक होतं. जुलैत मशीन फिरवताना मी खुंट्या उपटल्या होत्या आणि कापलेल्या गवताची कड धरून अंदाजाने परत ठोकल्या होत्या. मशीनला वळण आतून घ्यायला सोपं जातं. टेप आणायला शेडपर्यंत जावं लागलं असतं. मी गेलो नाही.

मी ते सांगितलं. ऑर्व्हिलने टेप पुसून गुंडाळली.

"सही कोणाची आहे?"

"तुझी. पण खुंट्या..."

"मी पुन्हा न मोजता सही केली. फुटबॉलच्या मैदानाची घाई होती म्हणून. संपलं."

कॉन्फरन्सला पत्र लिहिण्याआधी तो ब्रिनला भेटला. मी सोबत होतो. ती जिमच्या पायऱ्यांवर बूट सोडत बसली होती.

"पोरी, तू जिंकलीस ते खरंच. सगळ्या त्याच वाटेवर धावल्या. पण वेळ धरता येणार नाही. वाट आखूड होती. चूक माझी."

तिने एक बूट काढून बाजूला ठेवला.

"मिस्टर स्टेन्सरूड, हे कोणाला कळलं असतं?"

"कोणाला नाही."

"मग कशाला मोजलंत?"

"रंगवायचं मला होतं."

"माझ्या आजीला फोन करून सांगितलंय मी. तिने आख्ख्या चर्चला सांगितलं. आता तुम्ही सांगा तिला!"

त्याने खरंच सांगितलं. शनिवारी त्यांच्या शेतावर गेला, टोपी हातात घेऊन. आजीने त्याला कॉफी दिली, पण सोबत घरच्या ॲपल पायचा तुकडा दिला नाही. त्या भागात याचा अर्थ सगळ्यांना कळतो: माफी अजून नाही.

पत्रात त्याने माझं नाव घातलं नाही. वसंतात तो निवृत्त झाला. माझी चूक मी नंतर कोचला सांगितली. कोच म्हणाला, "जुनी गोष्ट आहे." जुनी नव्हती.

पुढच्या मेमध्ये टेपचं दुसरं टोक धरायला ऑर्व्हिल फुकट आला. जुलैत मी एकही खुंटी उपटली नाही. भोवतीचं गवत कात्रीने कापलं. सप्टेंबरात पुन्हा मोजलं आणि मी सही केली.

कॉलेज संपलेल्यांनाही धावता येतं अशी आमची एक शर्यत असते. ब्रिन आली. बावीस तेहतीस. जुना विक्रम दोन सेकंदांनी हुकला. ती शर्यत संपते तिथल्या दोरीजवळ वाकून धापा टाकत होती. समोर ऑर्व्हिल उभा होता.

"किती होती?" तिने विचारलं.

"सहा हजार."

"नक्की?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "त्याला विचार."

"नक्की," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पाणी मागितलं. आजीने गाडीतून ॲपल पायचा डबा आणला. सोबत खायचे तीन काटे होते, ब्रिनला, ऑर्व्हिलला आणि मला.