लाल बनातीची किनार

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. शेजारपाजारचे म्हणायचे, मुलगी असून पहिली. मी नुसतंच पहिली म्हणायचे. विषय घेतला प्राणिशास्त्र. आम्ही शिंपी, बंगळुरात कित्येक पिढ्या मुरलेले, मी बेडूक चिरायला शिकते हे कळल्यावर नात्यातल्या बायका विचारायच्या, "नवऱ्याला पानात काय वाढणार गं ही?" अण्णा, म्हणजे माझे वडील, शिवणावरून मान वर न करता म्हणायचे, "कात्री आमच्या घरात सगळ्यांच्याच हातात असते."

अण्णांचं शिवणकाम मात्र नेहमीचं नव्हतं. चिकपेटेजवळच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून ते वाघा-बिबट्यांच्या कातड्यांना अस्तर लावत. शिकारी लोकांनी आणलेली कातडी कमावून, मुंडकं भरून कॅन्टोन्मेंटातल्या एका दुकानात तयार व्हायची आणि शेवटच्या हातासाठी अण्णांकडे यायची. खाली जाड कापड, कडेनं बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, किनार, किनारीला कात्रीनं पाडलेले दाते. गोळीचं भोक ते असं शिवत की केस उलटे फिरवून पाहिले तरी सापडू नये. माझं शिक्षण त्याच सुईवर झालं. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. तेव्हा शिकार म्हणजे मानाची गोष्ट होती.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचे सर वर्गाला घेऊन आनेकलच्या पुढे एका खडकाळ टेकडीपाशी गेले होते. दुपारच्या उन्हात एका सपाट दगडावर बिबट्याची मादी पसरली होती. दुर्बिणीतून तिचा डावा कान दिसला, पार मुळापर्यंत फाटलेला. सर हळूच म्हणाले, "चित्ता आपल्या देखत देशातून संपला. हिची पाळी कधी येते बघायचं." मी ऐकत होते, पण बघत होते तिचं पोट. घरी मी बिबट्याच्या कातड्यावर बसून अभ्यास केलेला. श्वासाबरोबर खाली-वर होणारं कातडं पहिल्यांदाच पाहत होते. घरी आल्यावर त्या फाटक्या कानाचं वर्णन मी इतक्या वेळा केलं की आई म्हणाली, "पुरे आता. मुलगा बघून आल्यासारखी बोलतेस."

त्या मादीनं गावातल्या शेळ्या नेल्या होत्या, तिला मारायचं बोलणं सुरू होतं. ऑक्टोबरात वन्यप्राणी सप्ताह यायचा. सरांनी ठरवलं, आनेकलच्या बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन लोकांशी बोलायचं. कन्नड मला घरच्यासारखी, म्हणून भाषण माझ्याकडे. तक्ते आम्ही रंगवले. पण कागदावरची चित्रं बघायला बाजार सोडून कोण येणार, ही काळजी होतीच.

अण्णाच म्हणाले, "आपल्याकडे तो वाघ पडलाय की."

त्या वाघाचं कातडं शिवायला टाकणारा साहेब विलायतेला गेला तो परतलाच नव्हता. दुकानानंही कधी मागितला नाही. सर खूश झाले. हे वैभव आपण गमावतो आहोत, असं वाघ दाखवून सांगता येईल, म्हणाले. मलाही ते फार पटलं. अण्णांनी जुनी किनार उसवून नवी लाल बनात लावली, केसांना कुंचला फिरवला, काचेचे डोळे पुसून चकचकीत केले.

"एवढं कशाला, अण्णा?"

"कॉलेजच्या कामाला चाललाय तो. मी काही कॉलेजात गेलो नाही, माझं काम तरी जाऊ दे."

वर्गात मी एकटीच मुलगी, तेव्हा मुलांबरोबर मला एकटीला कोण पाठवणार? वाघ चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन अण्णा माझ्याबरोबर आनेकलच्या बसमध्ये बसले.

बाजारात एका रिकाम्या बैलगाडीवर उभी राहून मी बोलले. ही मादी तुमच्या टेकडीची आहे, ती गेली तर दुसरी येणार नाही, शेळ्यांना रात्री काटेरी कुंपण घाला, असं सगळं. लोक आले, पण ते वाघाभोवती. वाघ म्हणजे महादेश्वराचं, तिकडच्या डोंगरातल्या देवाचं, वाहन. बायकांनी चपला काढल्या, कुणी झेंडूची फुलं वाहिली. एका म्हातारीनं हळद काढली तशी अण्णा म्हणाले, "हळद नको अक्का, डाग जात नाही. कुंकू लावा, तेही स्वल्प."

एकजण म्हणाला, "मेलेल्याला कसला नमस्कार?"

"जिवंत असता तर इतक्या जवळ येऊन केला असतास का?" म्हातारी म्हणाली, आणि सगळा घोळका हसला.

मग एक नारळाच्या बागांचे मालक आले. गावात बंदूक होती ती त्यांचीच. त्यांनी वाघाचा कोपरा उलटून टाके पाहिले.

"काम कुणाचं हे?"

अण्णा उभे राहिले. इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "माझंच."

"गोळी कुठं लागलीय?"

"शोधा."

त्यांनी केसांतून बोटं फिरवली, सापडेना, तसे हसून मान डोलवायला लागले. अण्णांनी त्यांना दुकानाचा पत्ता सांगितला. मी गाडीवरून बघत होते. माझ्या बापाला कुणीतरी आदरानं विचारत होतं आणि मला बरं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये अण्णा म्हणाले, "छान बोललीस."

"ऐकलंत?"

"लोक ऐकू देत होते कुठं? पण आवाज लागला होता चांगला."

संक्रांत झाल्यावर दुकानातून एक गाठोडं आलं. मी कॉलेजातून आले तेव्हा अण्णांनी ते जमिनीवर पसरलं होतं आणि समोर नुसते बसले होते. सुईत दोरा नव्हता. मी चप्पल काढता काढता थांबले. डावा कान मुळापर्यंत फाटलेला होता.

"नारळवाल्यांचं," अण्णा म्हणाले. "बाजारात पाहिलं तस्संच हवंय म्हणे. लाल बनात." मग कानाकडे बोट करून, "कान जोडून मागितलाय."

मी चप्पल कोपऱ्यात ठेवली.

"शिवू?"

"तुम्हाला येतो ना शिवायला?"

"येतो."

"मग मला कशाला विचारता?"

माझं बोलणं नेहमीच असं सरळ. त्या दिवशी थोडं मऊ असतं तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळदा वाटलं.

अण्णांनी अस्तर लावलं, लाल किनार लावली, दाते कातरले. बरगडीजवळचं गोळीचं भोक नाहीसं केलं. कानाला हात लावला नाही. आठवड्याभरात दुकानाचा माणूस गाठोडं घेऊन परत आला. अण्णांचं काम तक्रार होऊन परत आलेलं मी ते एकच पाहिलं.

"कान राहिलाय," तो म्हणाला.

"राहिला नाही. तो तिचाच तसा आहे."

"गिऱ्हाईक घेणार नाही."

"सरी, ठीक आहे. दुसऱ्याकडून घ्या शिवून."

त्यानं खांदे उडवले आणि गाठोडं उचललं. घेतला असेल शिवून. बंगळुरात शिवणारे पुष्कळ होते.