माझ्या कैलासाची भुकटी

सर्व नातेवाईक, मित्रमंडळी आणि माझ्या देखाव्यांच्या चाहत्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या कलावंताची गणपतीची आरास बघायला पार सिडनीतल्या ब्लॅकटाउनहून माणसं वॉलॉंगॉंगला यायची, त्याला मेसोथेलिओमा झाला आहे. फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. बरा होत नाही. घोषणा संपली, टाळ्या नकोत.

मला हे एका मंगळवारी डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्याआधी दोन महिने जिना चढताना धाप लागायची. मी सुटलेल्या पोटाला दोष देत होतो. मग एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसलं. ते सुईने काढलं. सीटी स्कॅन झाला. बायोप्सी, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासणं, तीही झाली. वेटिंग रूममध्ये मी सगळ्या नर्सच्या चालण्याच्या नकला केल्या. माधवी, माझी बायको, एकदाही हसली नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता? मी ऐटीत सांगितलं की जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसलोय.

"घरी कधी काही कापलंत? घासलंत?"

मला माझी करवत आठवली.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे जुनं फायब्रोचं घर घेतलं. फायब्रो म्हणजे सिमेंटचे पातळ पत्रे. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. गॅरेजमागे आधीच्या मालकाने उरलेल्या पत्र्यांची थप्पी ठेवली होती. मला घबाडच मिळालं. थर्माकोल पेटतो, हे पेटत नाहीत, शिवाय रंग छान धरतात. दर गणपतीला मी करवतीने शिखरं कापली, पॉलिश पेपरने घासली, फुंकर मारून भुकटी उडवली. कैलास केला तेव्हा लोक हात लावून म्हणाले, अरे, दगडच आहे.

कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने एकदा बजावलं होतं, मेट, कापण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉस तपासणाऱ्या लायसन्सवाल्याला दाखव. मी त्याला 'नो वरीज' म्हणालो आणि मोदक दिला.

निदानानंतर लायसन्सवाला बोलावला. त्याने गॅरेजच्या भिंतीचे आणि आत जपून ठेवलेल्या कैलासाचे नखाएवढे तुकडे पिशव्यांत बंद करून लॅबला पाठवले. दोन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. मग पांढरे सूट आणि मास्क घातलेली माणसं आली. कैलास ओला केला, जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळला, वर इशाऱ्याचं लेबल लावलं. इतक्या शिस्तीत आमच्याकडे कधी विसर्जन झालं नव्हतं.

तुमचंही घर जुनं असेल तर खिळा ठोकण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे करून घ्या. गिरावीनला राहणारा माझा मित्र बाथरूम स्वतः फोडणार होता. मी त्याला फोनवर माझा खोकला ऐकवला. त्याने त्याच आरव्होला, म्हणजे दुपारीच, तपासणीला माणूस बुक केला.

केमो सुरू झाली. दुसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, कापताना घातलेले ते कपडे कोण धुवायचं?

उत्तर माधवीने दिलं. आधी मागच्या दारात झटकायची, मग धुवायची.

कपड्यांवरची भुकटी तिच्याही छातीत गेली असेल, म्हणून तिचा स्कॅन झाला. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी एकही नक्कल केली नाही. माझं मी कसंबसं पचवलं होतं. हे पचलं नसतं.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पुढेही तपासत राहू."

मी त्यांना बसल्या जागी हात जोडले. निदानापासून एकदाही न रडलेली माधवी माझ्याकडे वळली, आणि त्यांच्यासमोर मराठीतच बोलून गेली, "इतकी वर्षं तुझे कपडे मी झटकले, आणि आजार तेवढा एकटाच घेऊन बसलास?"